पायाकडे चार बोटं सैल

मी असल्या गोष्टी मानत नाही. दाराला लिंबू-मिरची बांधते, पण ती सासूबाईंच्या समाधानासाठी. इथे ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचते – रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, मागे वळून पाहिलं तर पाय उलटे – आणि हसून फोन बाजूला ठेवते. माझ्या गोष्टीत कोणी मेलेलं नाही. सगळे जिवंत आहेत, रोज भेटतात. म्हणूनच ती मला जास्त छळते.

आणखी एक आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्हाला वाईट वाटायला नको. मी जळकी आहे. लहानपणापासून. बहिणीच्या ताटात मोठी पुरणपोळी पडली तर माझी गळ्याखाली उतरायची नाही.

सिल्वासाहून खानवेलकडे जाताना रस्त्याला लागूनच एक रिसॉर्ट आहे. नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी करते. सोळा खोल्या – आठ पुढच्या ओळीत, आठ मागच्या – मध्ये लॉन आणि एक पूल. शनिवार-रविवारी मुंबईची कुटुंबं, एरवी सुरत-वापीकडची मंडळी. ती बॉर्डर ओलांडून इकडे का येतात ते सांगायला नको, तिकडे दारूबंदी. मी हाउसकीपिंगला. राहायला डोकमर्डीत, नवरा नरोलीला धाग्याच्या कंपनीत. माहेर आणि सासर दोन्ही साक्रीकडचं.

शोभा माझ्यानंतर दोन वर्षांनी कामाला लागली. तीही आमच्याच बाजूची. नवरा अपघातात गेलेला, नरोलीला भाड्याच्या एका खोलीत आई आणि मुलगी पिंकी. चादर घालायला तिला मी शिकवलं. हॉटेलात चादर घरच्यासारखी नुसती अंथरत नाहीत. गादीवर एक गुडघा टेकून ती ताणायची आणि कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली घट्ट खोचायचे. शिकवतात सगळ्यांना सारखंच, पण प्रत्येकीचा हात वेगळा पडतो, अक्षरासारखा. शोभा डावरी. तिच्या कोपऱ्यांची घडी उलट्या बाजूला यायची, आणि उशीच्या खोळीचं तोंड ती आत दुमडून भिंतीकडे करायची. माझी खोड अशी की पायाकडे मी चादर चार बोटं सैल सोडते. घट्ट चादरीत माझेच पाय आखडतात, म्हणून. मॅनेजर मेहुलभाईंची बोलणी खाल्ली, पण खोड गेली नाही.

आणि वर्षभरात गेस्ट-बुकात नाव कोणाचं? शोभाचं. 'शोभाबेनने रूम सुंदर ठेवली.' शिकवणारी मी, सुंदर तिची.

मग एका एजंटने मस्कतच्या हॉटेलासाठी बायका हव्यात म्हणून व्हिडिओवर इंटरव्ह्यू घेतले. आम्ही दोघी एकाच खोलीत, एकाच पलंगावर चादर घालून दाखवली. तिची निवड झाली, माझी नाही. नोटिशीचा महिना पुरा न करता ती गेलीसुद्धा. मेहुलभाई भयंकर चिडले, आणि मला वाटलं, चला, एक तरी माणूस माझ्या बाजूला आला.

तिकडून स्टेटसवर फोटो यायला लागले. समुद्र, युनिफॉर्म, नाश्त्याची लांबच लांब टेबलं. माझी मुलगी म्हणायची, "मम्मी, शोभामावशी किती भारी दिसते बघ." मी बघायचे. भांडी घासताना, स्कूटी चालवताना मी मनाने तिच्या तिकडच्या खोलीत असायचे. खिडकीतून काय दिसत असेल... ती ड्यूटीवर गेल्यावर तिची गादी कोण आवरत असेल... मी तिथे असते तर कशी आवरली असती. अक्षरशः रोज, मनातल्या मनात, मी ती गादी घालायचे. हे लक्षात ठेवा.

मग लॉकडाउन लागला आणि सगळं बंद झालं. सिल्वासाच्या चहूबाजूंनी गुजरात नाहीतर महाराष्ट्र. पलीकडच्या गावाला जायचं तरी पास लागायला लागला. शनिवारी जिथे गाड्या लावायला जागा मिळत नसे तिथे गवत वाढलं. रिसॉर्टचे बहुतेक लोक आपापल्या गावी गेले. उरलो तिघं – मेहुलभाई, वॉचमन देवजीकाका आणि मी. काही आठवड्यांनी पुढच्या ओळीतल्या खोल्या बाहेरून येणाऱ्या कंपनीवाल्यांच्या क्वारंटाइनसाठी दिल्या. मागची ओळ बंदच होती. चादरी काढून लिनन रूममध्ये रचलेल्या, गाद्या उघड्या. मी रोज सकाळी कुलपं उघडून नळ सोडायचे, पंखे लावायचे, पुन्हा बंद करायचे.

एके दिवशी शोभाचा फोन आला.

"ताई, तू कशी शे? अवं, विमानं सुटू राहिली. माझं नाव लागलं."

हॉटेल बंद पडलं होतं. आजाराच्या भीतीने त्यांना स्टाफ क्वार्टरमध्ये एकेका खोलीत कोंडलं होतं. जेवणाचं पाकीट दारात ठेवून माणूस निघून जायचा. परत यायचं तर चौदा दिवस कुठे राहणार ते कळवावं लागत होतं. नरोलीच्या त्या एका खोलीत आई आणि पोर, आणि चाळीत संडास सगळ्यांचा मिळून. तिथे कोण राहू देणार?

"साहेबाले मी कोणत्या तोंडाने बोलू? भांडून आली मी. तूच विचार ना, एक रूम भेटते का. पिंकी फोनवर नुसती रडू राहिली वं."

मी विचारलं. खरंच विचारलं, खोटं नाही सांगत. मला वाटलं, मेहुलभाई ताडकन नाही म्हणतील. ते हिशेबाच्या वहीतून मानही वर न करता म्हणाले, "आववा दे ने. नव नंबर खाली ज छे. आपणी ज छोकरी छे."

येऊ दे, नऊ नंबर रिकामाच आहे. आपलीच मुलगी. इतकी वर्षं मी तिथे राबतेय, मला ते कधी आपली म्हणाले नव्हते.

मी बाहेर लॉनवर आले, फोन लावला आणि म्हणाले, "फुल्ल आहे गं. एकही खोली नाही."

ती म्हणाली, "असू दे ताई. तू विचारलं तरी." पत्ता न दिल्यामुळे तिचं नाव पुढच्या यादीत ढकललं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी नऊ नंबर उघडला. पलंगावर चादर घातलेली होती. कोपरे उलट्या घडीचे. उशीच्या खोळीचं तोंड आत दुमडून भिंतीकडे.

मला भीती वाटली नाही. राग आला. वाटलं, मेहुलभाईंनी मुद्दाम कुणाकडून तरी करून घेतलंय, मला खिजवायला. मी चादर ओढून काढली आणि लिनन रूममध्ये ठेवली. लिनन रूमची चावी माझ्या कमरेला असते, दुसरी नाही. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा काढली. चौथ्या दिवशी घरून स्वतःचं कुलूप आणून लावलं. पाचव्या दिवशी कुलूप जसंच्या तसं आणि आत पलंग तयार.

ह्या वेळी मेहुलभाई मागून आले. त्यांनी चादरीवरून हात फिरवला आणि खूश होऊन म्हणाले, "वाह, कल्पनाबेन. शोभा जेवो ज हाथ. शीखी गया तमे पण."

शोभासारखाच हात, शिकलात तुम्हीपण! मी! जिने तिला कोपरा धरायला शिकवला ती! भूत असो की काय असो, त्या क्षणी समोर उभं राहिलं असतं तर मी त्याच्या झिंज्या उपटल्या असत्या. मी ती चादर काढून तिथल्या तिथे माझ्या हाताने घातली, चार बोटं सैल सोडून, आणि कुलूप लावलं. म्हटलं, बघू कोणाचा हात टिकतो.

सकाळी कोपरे उलटे होते.

असे अठरा दिवस गेले. आमची जणू स्पर्धाच चालली होती. मी घालायचे, ती बदलायची. अठराव्या दिवशी मी कुलूप उघडलं आणि दारातच थबकले. चादर नुकती ताणून झाली होती. गादीच्या कडेला एक खळगा होता – गुडघ्याएवढा. आमच्या फोमच्या गाद्यांवर गुडघा टेकून उचलला की खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो. तो माझ्या डोळ्यांसमोर भरून येत होता. खोलीत मी एकटी. मी जाऊन चादरीला हात लावला. कोमट होती.

मग मात्र मी पायरीवर येऊन बसले. देवजीकाका जवळच्या सुरंगी गावचे, म्हातारे, कमी बोलणारे. त्यांना सगळं सांगितलं, फक्त माझं खोटं सोडून. मला वाटलं ते भगताचं नाव काढतील, कोंबडं मागतील. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "बाय, तिला फोन लाव. जिती हाय का बघ पयलं."

एवढे दिवस मी शोभाला फोन केला नव्हता, आणि तिचे आले ते घेतले नव्हते. रिंग वाजत राहिली आणि मी मनात म्हणत होते, उचल... उचल बाई. तिने उचलला. आवाज इतका बारीक झाला होता की आधी ओळखूच आला नाही.

"शोभा, खोली रिकामी झाली. नऊ नंबर. ये तू."

ती रडायला लागली. मग म्हणाली, "ताई, तुला एक सांगायचं शे... जाऊ दे, आल्यावर सांगते."

त्या दिवशी मी ती चादर काढली, आणि त्यानंतर नऊ नंबरची गादी उघडीच राहिली. शेवटी मीच तिच्यावर चादर घातली, शोभा यायच्या आदल्या दिवशी.

ती मुंबईला उतरली, टॅक्सीने बॉर्डरपर्यंत आली, तिथे कागद दाखवत तीन तास उन्हात उभी राहिली आणि दुपारी आमच्या गेटवर पोचली. अर्धी झाली होती. तरी मेहुलभाई तिला बघून हसले आणि मी पुन्हा जळले. खरं तेच लिहितेय.

मी तिचं ताट बाहेरच्या स्टुलावर ठेवायचे. तिसऱ्या दिवशी ती खिडकीच्या जाळीशी आली.

"ताई, हसू नको हं. मी तिकडे गेली ना, त्या पहिल्या आठवड्यापासून माझी गादी कोणीतरी घालून जायचं. खोलीची चावी माझ्याजवळ. कोंडलं तेव्हा तर दाराला कोणी हात लावत नव्हतं. मी आंघोळ करून यायची, तं गादी तयार. आणि पायाकडे..." तिने जाळीवर चार बोटं टेकवली. "एवढं सैल."

मी हातातला रिकामा तांब्या स्टुलावर ठेवला.

"मला पहिले भीती वाटली. मग म्हटलं, ही तं आपली कल्पनाताई. दुसरं कोण असं घालतं? इतक्या दूर बसून माझी काळजी करू राहिली. एक दिवस मी जेवण सोडलं होतं वं, मरायचंच ठरवलं होतं. पण ती सैल चादर पाहिली आणि उठून जेवली." ती डोळे पुसून म्हणाली, "तू ये म्हणाली त्या दिवसापासून बंद झालं. मला वाटलं, आता गरज नाही म्हणून."

मी तिला नऊ नंबरबद्दल काही सांगितलं नाही. खोटं बोलले होते तेही नाही. तिची घरची ओढ इथे येऊन चादरी घालत होती असं कोणी म्हणेल, आणि ते मी एकवेळ समजून घेईन. पण माझं काय गेलं होतं तिकडे? मी एकदाही तिची काळजी केली नव्हती. मला फक्त ती खोली माझी हवी होती. तिने बनवून सांगितलं म्हणावं, तर माझ्याकडून तिला काय मिळणार होतं? इकडचं तर तिला आजही ठाऊक नाही.

चौदाव्या दिवशी तिची आई पिंकीला घेऊन गेटवर आली. पिंकी आधी शोभाला बिलगलीच नाही, लांबून बघत राहिली. एवढी बारीक बाई तिला ओळखू येईना. मी खांबाआड उभी राहून ते अठरा दिवस मनात मोजत होते.

मेहुलभाईंनी शोभाला परत घेतलं. आता ती सुपरवायझर आहे – माझीसुद्धा. गाड्या पुन्हा येतात, शनिवारी जागा मिळत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे ह्याचं उत्तर असेल तर मला ते नकोच आहे बहुतेक. शोभा हे वाचत नाही, आणि नावं मी बदलली आहेत असं समजा.

नव्या मुली आल्या की शोभा त्यांना पहिला धडा देते. पायाकडे चार बोटं सैल सोडायची, साहेब ओरडले तरी. का, असं विचारलं तर म्हणते, "ही कल्पनाताईची पद्धत. मायेची." मुली माझ्याकडे बघून हसतात, मीही हसते. मग त्या पुढच्या खोलीत गेल्या की मी मागे थांबते आणि ती चादर ओढून गादीखाली घट्ट खोचून टाकते.