रविवारचे हादरे

सर खोलीत आले की आधी उजवा हात वर करायचे, चौकातला पोलीस करतो तसा, आणि म्हणायचे, "पाय नोका हालवू जी." मग चपला काढून, डोळे मिटून, अनवाणी फरशीवर उभे राहायचे. आम्ही पाच-सहाजण हातात चहाचे कप धरून जागच्या जागी थिजलेलो. थोड्या वेळाने निकाल लागायचा. "मालगाडी होय. भरून जाऊन राहिली." सालेकसाकडची आमची छोटी प्रशिक्षण संस्था रेल्वेच्या पटरीला लागूनच आहे. गाडीचा भोंगा आम्हाला केव्हाच ऐकू आलेला असायचा. पण विद्वानाला कोण सांगणार?

तुमच्याही कार्यालयात असा एकजण असेल, जो कुठेतरी जाऊन आला आणि मनाने तिकडेच राहिला. आमच्याकडे परदेशी जाऊन आलेला म्हणजे नागपूरला मुलाकडे चार दिवस राहून आलेला. सर थेट दक्षिण ध्रुवाकडे, अंटार्क्टिकावर जाऊन आले होते. ते वीजतंत्रीचे निदेशक. तिथल्या तळावर जनरेटर सांभाळायला माणूस हवा होता, यांनी अर्ज केला. आम्ही कुणीच केला नाही, कारण तिकडे दिवाळीची सुट्टी मिळत नाही असं ऐकलं होतं.

सव्वा वर्ष राहून आले. जनरेटरसोबत एक यंत्रही त्यांच्याकडे सोपवलेलं होतं. खडकात बसवलेलं, जमिनीचे बारीक हादरे आणि बर्फ तडकल्याचे धक्के टिपणारं. रोज चालत जायचं, यंत्र सुरू आहे का पाहायचं, वहीत लिहायचं.

मे महिन्यात कूलर गरम वाफा सोडत असताना सर आम्हाला बर्फाच्या गोष्टी सांगायचे. "बर्फ बोलते राज्या. थंडी वाढली का तडकते. माणसाले आयकू येत नाही, मशीनले येते."

"मंग मशीनले आपल्या प्राचार्याचं भाषण समजते का जी?" कुणीतरी विचारायचं. "आमाले तं समजत नाही."

सर हसायचे आणि पुन्हा बर्फावर यायचे. माघारी आम्ही त्यांना पेंग्विन म्हणायचो. हे नाव ठेवण्याचं श्रेय माझं. भांडारपालाला दुसरं काम तरी काय असतं?

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणखी एकदा तिथं जाणं. दरवर्षी अर्ज करायचे, दरवर्षी नकार यायचा. वयाच्या अटीत बसणारं शेवटचं वर्ष उरलं आणि यादीत नाव आलं. सरांनी पेढे वाटले. ऐन एप्रिलात गोंदियाच्या बाजारात जाऊन लोकरीचे मोजे मागितले. दुकानदार म्हणाला, "सर, तबीयत तो ठीक है ना?"

आणि एक दिवस फोन आला. सर फोन नेहमी स्पीकरवर घेत, त्यामुळे तो आम्हा सगळ्यांनाच आला. त्या यंत्राच्या नोंदींवर संशोधन करणारी एक तरुण मुलगी बोलत होती.

"सर, तुमच्या वर्षात एक फार सुंदर मालिका सापडलीय. ओळीने चाळीस-पन्नास छोटे धक्के, मग शांत. असं पुन्हा पुन्हा. तुम्हाला काही आठवतं का?"

"कोणत्या दिवशी?"

"हीच तर गंमत आहे. बहुतेक रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला. भरती-ओहोटीशी काही संबंध असेल असं वाटतंय. मी त्यावरच लिहितेय."

बर्फालाही साप्ताहिक सुट्टी असते, ही माहिती आम्हाला नवीन होती. सरांचा चेहरा मात्र उतरला. "पाहून सांगतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"जवस होय ते," ते म्हणाले.

जाताना बायकोने जवस आणि लोखंडी खलबत्ता बांधून दिला होता. मिक्सरमधली चटणी म्हणजे भुसा, असं सरांचं मत. रविवारी तळावर जरा उसंत असायची, म्हणून रविवारी चटणी. खोलीत कुटली तर शेजारचे ओरडायचे, म्हणून खलबत्ता घेऊन ते सामानाच्या खोपटात जायचे. यंत्रापासून खोपटं चांगलं दोनशे पावलं लांब.

"मले वाटलं, एवढं दूर हाये तं काय होते? पण खोपटं त्याच खडकावर होतं ना जी."

आम्ही पोट धरून हसलो. जगाच्या विज्ञानात आपल्या तालुक्याची चटणी गेली म्हणून कुणी टाळ्याही वाजवल्या. मग मी वडीलधाऱ्यासारखा सल्ला दिला. "चूप राहा सर. त्या पोरीले काय माहीत? यादीत नाव आलं हाये, जाऊन या. मंग सांगा." हा सल्ला अनुभवाचा होता. भांडारातली कित्येक मोडकी अवजारं मी वर्षानुवर्षं कागदावर धडधाकट ठेवली आहेत.

"आन् तिनं लिहून टाकलं तं?"

"लिहू द्या. तुमचं काय जाते?"

"उद्या दुसरा कोणी जाईन तिथं, आन् दर रविवारी बर्फाची वाट पाहत बसन." एवढं बोलून सर उठले.

त्याच दुपारी त्यांनी त्या मुलीला पत्र लिहिलं, एक प्रत मोहिमेच्या कार्यालयाला. सोबत रविवारांची यादी. शेवटी टीप होती, "दोन रविवारी वादळ असल्याने चटणी कुटली नाही. त्या दिवशी धक्के असल्यास ते बर्फाचे समजावे."

मुलीने मनापासून आभार मानले. मोहिमेच्या कार्यालयाने यंत्राजवळ नियमबाह्य कृत्य केल्याबद्दल नाव यादीतून काढलं. खरं बोलणाऱ्याचा निकाल असा झटपट लागतो. खोटं बोलणाऱ्याला बिचाऱ्याला सत्कारासाठी निवृत्तीपर्यंत थांबावं लागतं.

मी आठ दिवस सरांशी बोललो नाही. राग आला आहे असं दाखवत होतो. खरं सांगायचं तर मला त्यांच्यासमोर बसायची लाज वाटत होती.

त्यांच्या जागी निवडलेला तरुण वीजतंत्री ऑक्टोबरात माहिती घ्यायला आला. दोन दिवस सरांनी त्याला सगळं शिकवलं, वाऱ्यात चालायचं कसं इथपासून वहीत लिहायचं कसं इथपर्यंत. मोजेही देऊन टाकले. स्टेशनवर निरोप द्यायला मी सोबत होतो. गाडी दिसू लागली तेव्हा सर त्याला म्हणाले, "एक काम करजो बापा. तिथं पोहोचला का मशीनजवळ एक उडी मारजो. माह्या नावानं. एकच. आन् वहीत लिहून ठेवजो, वेळेसकट."

"सर, हेही नियमबाह्यच झालं," मी म्हणालो.

"लिहून केलं तं चालते," सर म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि धूळ फार आहे म्हणाले.

धानाच्या कापणीत, बांधावर बसल्या जागी सर गेले. जेवणाचा डबाही उघडला नव्हता.

जानेवारीत माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. सरांचा फोन साधा, म्हणून त्या तरुणाने तो मला पाठवला होता. सर गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. वहीचं पान होतं. "बुधवार, सकाळी अकरा वीस. उडी एक. सालेकसाच्या सरांची." खाली यंत्राची रेघ, सरळ जाणारी, मध्ये एक लहानसं टेंगूळ, पुढे परत सरळ.

मी मोबाइल घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी त्या टेंगळावर बोट ठेवलं.

"हे काय होय भाऊजी?"

"सर आहेत," मी म्हणालो.

त्यांनी पदराने काच पुसली आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"एवढेसेच दिसून राहिले जी," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी तो हातातून खाली ठेवला नाही.