परक्याचं भांडं

त्या ग्रीक इतिहासकाराबद्दल माझं मत पहिल्यांदा बिघडलं ते आकड्यांवरून. स्वारीवर निघालेल्या परदेशी राजाचं सैन्य तो असं फुगवून सांगतो की वाचताना किळस येते. म्हणे दहा हजार माणसं दाटीवाटीने उभी केली, त्यांच्याभोवती कुंपण घातलं आणि मग त्या कुंपणात पुन्हा पुन्हा माणसं भरून सैन्य मोजलं. एवढ्या तोंडांना रोज धान्य किती लागेल, पाणी किती, हे मी कागदावर मांडून पाहिलं आणि पुस्तक मिटलं. पण परक्या लोकांच्या चालीरीती सांगताना हाच माणूस बराच सरळ वाटला. नाक न मुरडता लिहितो.

आमच्या वाचन मंडळात आम्ही तो वाचत होतो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या वसाहतीतले माझ्याशिवाय पाच जण, ठाण्यातल्या एक निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, आणि माझा बँकेतला जुना सहकारी. तो शहाडच्या पुढे नदीकाठच्या गावातला, आगरी. दर रविवारी पाळीपाळीने एकेकाकडे जमायचं, वाचायचं आणि यजमानाकडे जेवूनच उठायचं, हा मंडळाचा रिवाज. माझ्या मित्राची पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा टळली. एकदा म्हणे लांब पडतं, एकदा म्हणे रस्ता खराब आहे. वसईला एकाच्या मुलीकडे पाळी ठेवली, तिथे मात्र हीच मंडळी हसत गेली होती.

मित्र मला म्हणाला, "मला काय फरक पडत नाही रे. पण आई दर रविवारी विचारते, तू ज्यांच्याकडे जेवायला जातोस, ते आपल्याकडे कधी येणार? तिला काय सांगू?"

मी मॅडमना स्पष्ट बोललो, तेव्हा कुठे दोन गाड्या निघाल्या.

त्या दिवशी वाचायला आलं होतं इजिप्तच्या लोकांबद्दलचं प्रकरण. ग्रीक माणूस गाय खातो म्हणून तिथला माणूस त्याची सुरी वापरत नाही, त्याच्या भांड्यात शिजलेलं खात नाही, असं त्यात आहे. मॅडमनी मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बघा, एवढी मोठी संस्कृती आणि मनं किती कोती!" सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, "भांड्याला काय धर्म असतो?" त्यावर सगळे चांगले हसले.

मग मित्राच्या आईने ताटं मांडली. वय ऐंशीच्या आसपास, पण हालचाल चपळ. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, वांग्याची भाजी, गोड म्हणून नारळाच्या करंज्या. ताटं इतकी नवी होती की एकावर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती.

"आज मासली नाय घरान," त्या मॅडमना म्हणाल्या. "भांडी पन नवीच हान सगली. बसा, बाय."

"अहो आजी, माझा आज उपास," मॅडम म्हणाल्या.

रविवार होता. संकष्टी होऊन चार दिवस झाले होते आणि एकादशी पुढे होती. मी कॅलेंडर रोज बघतो. दुसऱ्याला ॲसिडिटी होती. तिसरा घरून खाऊन आला होता. चौथ्याला डॉक्टरने वाल बंद केले होते. भाकरी कोणी बंद केली होती, हे त्याने सांगितलं नाही. उरलेले दोघे त्यांच्याकडे बघून "आम्हालाही नको" म्हणाले. पाणीही प्रत्येकाने आपापल्या बाटलीतलं प्यायलं.

टेबलावर केळ्यांचा फणा ठेवला होता. तो मात्र बघता बघता संपला. उपासवाल्या मॅडमनी दोन खाल्ली, ॲसिडिटीवाल्यानेही दोन. साल असलेलं चालतं.

आजी दारात उभ्या राहून ती सालं बघत होत्या. मुलाला म्हणाल्या, "का रं, सगल्यांचा उपास एकाच दिशी?"

"हो, आये," तो म्हणाला.

मी जेवलो. बिरडं उत्तम होतं, ते मी पुन्हा मागून घेतलं. निघताना आजींनी प्रत्येकाच्या हातात भाकऱ्या आणि करंज्यांची पुडी दिली. "घरी गेल्याव खा. उपास सुटल की." सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतली. मॅडम तर वाकून पाया पडल्या.

आंबिवलीकडे जाणारा फाटा आला तशी पुढची गाडी थांबली. रस्त्याकडेला एक गाय उभी होती. मॅडम उतरल्या, पुडी सोडली आणि भाकऱ्या गाईपुढे ठेवल्या. वर तिला हात लावून नमस्कार केला. मागोमाग बाकीचेही उतरले. मी गाडीतून खाली आलो आणि विचारलं, "हे काय चाललंय?"

"अन्न टाकायचं नसतं हो," मॅडम म्हणाल्या. "गाईच्या मुखी गेलं, पुण्यच की."

"तासाभरापूर्वी इजिप्तवाल्यांना कोतं कोण म्हणालं?"

"तुम्ही ना, नुसते हिशेबनीस! ते वेगळं, हे वेगळं. ही आपली आवड आहे. आवडीला नाव ठेवू नये."

त्यांच्या गाडीत मी पुन्हा बसलो नाही. रिक्षा केली. तिथल्या एकाचंही तोंड बघायची इच्छा उरली नव्हती. इजिप्तच्या माणसाने निदान ग्रीकाच्या तोंडावर नाही म्हटलं असावं. पुडी घेऊन, पाया पडून मग गाईला घालणं त्याला सुचलं नसेल.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. "आई विचारतेय, भाकऱ्या खाल्ल्या का सगळ्यांनी?"

चुकीचा आकडा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. म्हणालो, "मी खाल्ल्या. बाकीच्यांचं मला विचारू नकोस."

तो मग म्हणाला, "कळलं. पुढच्या रविवारपासून मी येणार नाही."

"मीही नाही," मी म्हणालो.

मागून आजींचा आवाज आला, "काय म्हनतान रं?"

"खाल्ल्या, आये," तो म्हणाला. "सगल्यांनी खाल्ल्या."