रिकाम्या खुर्चीला सोपवलेला प्याला

मुरमान देवाला घाबरायचा आणि मेलेल्यांना त्याहून जास्त. रस्त्यावरून चर्चचा कळस दिसला की स्टिअरिंग सोडून तीनदा छातीवर क्रूस करायचा, आणि आमच्या काखेती प्रांतात तर दर वळणाला एक कळस. मागे बसलेले पाहुणे जीव मुठीत धरून बसायचे. त्याची बायको नानुली म्हणायची, "देवाने तरी किती वेळा वाचवायचं? त्याला दुसरी कामं नाहीत का?"

आधी तो सरकारी मळ्यावर ट्रॅक्टर हाकायचा, मळा बुडाल्यावर बस, आणि आता स्वतःची जपानी गाडी. सकाळी पाहुणे उचलायचे, दोन मठ दाखवायचे, दुपारी आपल्याच घरी जेवायला घालायचं आणि संध्याकाळी हॉटेलवर सोडायचं. स्वयंपाक नानुलीचा, वाइन घरची, बडबड मुरमानची. टेबलाचा तमादा तोच. तमादा प्याला उचलून दोन शब्द बोलल्याशिवाय आमच्याकडे कुणी घोट घेत नाही, आणि मुरमान दोन शब्दांवर कधी थांबलेला कुणाला आठवत नाही. गावात लग्न असो की मयत, तमादा म्हणून बोलावणं त्यालाच. जिभेवर साखर, आणि थापा मारायला कुणाच्या बापाला ऐकायचा नाही.

पण मेलेल्यांसाठी प्याला उचलायची वेळ आली की तो एक नाव गिळायचा. बापाचं घ्यायचा, आजोबांचं, आत्याचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. थोरल्या भावाचं, अमिरानचं नाव मात्र ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं.

अमिरान सुखुमीच्या लढाईला गेला तो गेलाच. मेल्याचा निरोप नाही, प्रेत नाही. कुणी म्हणे नदीकाठी दिसला होता, कुणी म्हणे डोंगरात. आई सिदोनिया हिने तेव्हाच सांगून टाकलं की प्रेत पाहिल्याशिवाय आपण कुणाला मेला म्हणणार नाही. तिने काळे कपडे घातले नाहीत. त्याच्या नावाची मेणबत्ती लावू दिली नाही. आणि अमिरान जन्मला त्या हंगामात बापाने एक रांजण वाइनने भरून कोठीत जमिनीत पुरला होता, पोराच्या लग्नाला उघडायचा म्हणून, त्याला कुणाला हात लावू दिला नाही. "तो रांजण उघडेल त्या दिवशी मी सुटेन," म्हणायची. "त्याच्या आधी मरणाला इथे काम नाही."

म्हातारं माणूस बोलतं तसं ती बोलली असेल. मुरमानने मात्र ते काळजावर कोरून घेतलं. आईचे प्राण त्या रांजणाच्या झाकणाखाली अडकलेत अशी त्याची खात्रीच होती. दर हंगामात बाकीचे रांजण धुतले जायचे, भरले जायचे, आणि त्या एकाला सगळे वळसा घालून जायचे. सिदोनियाची खोली कोठीला लागून. ती सांगायची की रात्री रांजण घोट घेतो. गुटुक असा एक आवाज, मग कितीतरी वेळ काही नाही, मग पुन्हा गुटुक. ऐंशी उलटलेल्या बाईचे कान म्हणून कुणी मनावर घ्यायचं नाही.

तर द्राक्षतोडणीच्या दिवसांत लाटव्हियाहून एक बाई आली, इल्झे नावाची. सहल दोघांसाठी ठरवली होती, हॉटेलच्या दारात उभी होती एकटीच. साठीची, उंच, रशियन चांगलं बोलणारी. तिने गाडीचं पुढचं दार उघडलं, बाजूला सरून उभी राहिली, एखादा मोठा माणूस वाकून आत बसायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ थांबली, आणि दार हलकेच लावून स्वतः मागे बसली.

"आंद्रिसचे पाय लांब आहेत," ती म्हणाली. "त्याला पुढेच बरं पडतं."

मुरमानने बाजूच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्याने मनाशी म्हटलं, पण पाहुणा देवाने धाडलेला असतो, त्याचं मन कशाला मोडा? म्हणून त्याने सीटकडे बघून मान लववली आणि "या, आरामात बसा," असं म्हणूनही टाकलं. गंमत म्हणूनच म्हणाला होता. गाडी सुरू झाली आणि टुणटुण वाजायला लागलं. पुढच्या माणसाने पट्टा लावला नाही की ही गाडी अशीच बोंबलते. रिकाम्या सीटसाठी मात्र ती आजवर कधी बोंबलली नव्हती. वायर उंदराने कुरतडली असेल, कालच्या पावाच्या पिशवीने काहीतरी दाबलं गेलं असेल, त्याने सगळं मनात म्हणून पाहिलं. आवाज थांबेना. शेवटी हात लांब करून त्याने रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. गाडी गप्प झाली.

"आभारी आहोत," बाई मागून म्हणाली.

अलावेर्दीच्या मठापर्यंत मुरमानने बाजूच्या सीटकडे पुन्हा पाहिलं नाही. नानुलीला हे सांगितलं असतं तर तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. मठात इल्झेने दोन मेणबत्त्या घेतल्या आणि कुठली कुठे लावायची ते विचारलं. जिवंतांची वर, मेलेल्यांची खाली वाळूत, त्याने सांगितलं. त्याला वाटलं बाई आता दोन्ही वर लावणार. तिने एक शांतपणे खाली वाळूत खोचली, "ही त्याची" म्हणाली. दुसरी वर लावली. "ही माझी. त्याने माझ्यासाठी लावली."

म्हणजे नवरा मेलाय हे बाईला पक्कं ठाऊक होतं. ती वेडी असती तर मुरमानला बरं वाटलं असतं. वेड्या माणसाची कीव करता येते. हिच्याबरोबर अजून अर्धा दिवस काढायचा होता.

नेक्रेसीला मठ उंचावर, आपली गाडी खाली ठेवून तिथल्या छोट्या बसने वर जावं लागतं. ती बस चालवणारा गोचा हा मुरमानचा शाळेपासूनचा दोस्त, एक नंबरचा टवाळ. वर सगळं पाहून झालं, खाली उतरायला दोघं बसमध्ये बसले तरी गोचा बस हलवेना. मुरमानने विचारलं, कुणाची वाट बघतोस?

"तुझ्या तिसऱ्याची," गोचा म्हणाला. "तो उंच माणूस. वर येताना तुमच्याबरोबर होता की."

"तोंड सांभाळ, गोचा."

"अरे, शपथ. दारातून वाकून चढला."

मुरमानने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. गोचा थट्टा करताना डावा डोळा बारीक करतो, हे आख्ख्या गावाला माहीत आहे. दोन्ही डोळे उघडे होते. इल्झे खिडकीतून खोऱ्याकडे बघत बसली होती. मुरमानने गोचाला एवढंच सांगितलं की निघ आता, सगळे आले.

घरी नानुलीने द्राक्षांच्या मांडवाखाली टेबल मांडलं होतं. वेलीच्या काटक्यांवर भाजलेलं मांस, भट्टीतला लांब पाव, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, चीज. पाहुणे दोन म्हणून तिने ताटंही दोन मांडलेली. मुरमान गाडीतून उतरला, आणि सकाळपासूनच्या सवयीने आधी पुढचं दार उघडून धरलं, "या," म्हणाला, मग मागचं. सिदोनिया वेलीखाली खुर्चीत बसली होती. तिला आता फक्त उजेड आणि सावल्या दिसायच्या, पण कान शाबूत होते. तिने विचारलं, किती जण आलेत? मुरमान म्हणाला एक बाई. आणि नानुलीला डोळ्याने खुणावलं की जादा ताट उचल. नानुलीने हात पुढे केला, तर सिदोनियाने त्या ताटावर पंजा ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी दोन दारं ऐकली."

 गेली कित्येक वर्षं मुरमानला हीच एक भीती होती, की एखाद्या दिवशी आईला भ्रम होईल, अमिरान परत आला असं वाटेल, ती रांजण उघडायला लावील आणि त्यापायी जाईल. त्याने ठरवलं, जेवण भराभर उरकायचं आणि बाईला घेऊन निघायचं.

पहिला प्याला देवासाठी, दुसरा पाहुण्यांसाठी, तिसरा मेलेल्यांसाठी. मुरमान उभा राहिला आणि त्याने भराभर नावं घेतली. बाप, आजोबा, आत्या, नानुलीचे आईवडील. एक नाव नेहमीसारखं गिळलं. पाहुणीचं मन राखायला आंद्रिसचंही घेतलं. नंतर रीतीप्रमाणे प्याला पाहुणीकडे सोपवायचा, म्हणजे पुढचे शब्द तिने बोलायचे. पण सकाळपासून रिकाम्या सीटशी अदबीने वागून वागून त्याच्या मानेला ते वळण लागलं होतं. तो खुर्चीकडे वळला आणि म्हणाला, "आंद्रिस, आता प्याला तुमच्याकडे."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. सोपवलेला प्याला परत घेता येत नाही. ज्याच्याकडे दिला त्याने बोलून प्यायलाच हवं. तोवर टेबलावर कुणी घोट घेत नाही आणि पुढचा प्याला भरत नाही. हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. काखेतीतल्या सगळ्यात पट्टीच्या तमादाने आपलं टेबल एका मेलेल्या माणसापाशी अडकवून ठेवलं होतं.

सगळे प्याले धरून थांबले. इल्झे नवऱ्याच्या खुर्चीकडे बघत होती, जणू तोही शब्द जुळवत असावा. मांडवातल्या घडांवर सकाळपासून गांधीलमाश्यांचा गोंगाट होता, तो केव्हा थांबला कुणाला कळलं नाही.  मुरमानला काहीतरी विनोद करून सुटायचं होतं, पण त्या जिभेला आयुष्यात पहिल्यांदा काही सुचेना.

सिदोनियाने रशियनमध्ये इल्झेला विचारलं, "तुझा नवरा गेला हे तुला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं? मीच त्याचे डोळे मिटले. मीच त्याला आंघोळ घातली."

"नशीबवान आहेस, बाई," सिदोनिया म्हणाली.

इल्झेने मान हलवली. तिला ते टोचलं नाही. सिदोनियाने हात पुढे करून खुर्चीपुढचा प्याला चाचपला. काठोकाठ भरलेला होता.

"जिवंत पाहुणा एवढा वेळ प्याला धरून बसत नाही," ती म्हणाली. "हा काही आपली वाइन पिणार नाही. जी मेलेल्याची आहे ती याला द्या. मुरमान, रांजण उघड."

"आई, नको. हा परका माणूस आहे. अमिरान नाही."

"मला काय कळत नाही? मेलेले पाहुणे एका रांजणासाठी आपापसांत भांडत नाहीत. जा, उघड."

"तू जाशील, आई."

"कुठे जाणार? गुडघे तर चालत नाहीत."

तो गेला. आईचा शब्द मोडायची त्याच्यात कधीच हिंमत नव्हती. नानुली आणि इल्झेने सिदोनियाला खुर्चीसकट उचलून कोठीच्या दारात आणून ठेवलं. मुरमानने फावड्याने वरची माती खरवडली. ती दगडासारखी घट्ट झाली होती. खालची फरशी सरकवताना त्याने डोळे मिटून घेतले. जुन्या वाइनचा वास नाकात बसतो, आंबलेली असली तरी बसतो. वास आलाच नाही. भोकातून नुसता गारवा वर आला, आणि ओल्या मातीचा वास.

रीतीप्रमाणे त्याने तारेला बांधून पेटती मेणबत्ती आत सोडली. आत वाइनचा वायू कोंडलेला असला तर ज्योत गुदमरून विझते. ज्योत विझली नाही. ती खाली जात राहिली, जळत राहिली, आणि तळाला टेकली. त्या उजेडात रांजणाच्या पोटाला गेलेला तडा दिसला. तड्यातून अंगणातल्या अक्रोडाचं मूळ आत शिरलं होतं आणि तळाशी त्याच्या बारीक तंतूंचा गुंता पसरला होता, विंचरून गळलेल्या केसांसारखा. तंतू काळपट लाल होते.

मुरमान गुडघ्यांवरच राहिला. आईला हे सांगितलं की तिचा श्वास थांबणार, असं त्याला वाटत होतं. सिदोनिया पुढे आणखी दोन हंगाम जगली, काळ्या कपड्यात, आणि पहिल्यापेक्षा दोन घास जास्तच खाऊन. पण ते त्याला तेव्हा कुठे ठाऊक?

"बोल," ती दारातून म्हणाली.

"रिकामा आहे, आई. तडा गेलाय. सगळी मातीत गेली."

 सिदोनिया म्हणाली, "मेलेल्याला आपण एक घोट मातीवर ओततो. याने आख्खा रांजण नेला." तिने डोक्यावरचा निळा रुमाल सोडला आणि मांडीवर ठेवला. "मी रोज रात्री ऐकायचे. म्हणायचे, माझा पोर घरी आलाय, पितोय. घरीच पीत होता. पण खालून."

इल्झेला त्यांची भाषा येत नव्हती, तरी तिने म्हातारीचा हात धरला. नानुली रडत होती.

"आता तो प्यायला," सिदोनिया म्हणाली. "सोपवलेला प्याला पुरा झाला. मुरमान, मघाशी तुझं एक नाव घ्यायचं राहिलं. दर वेळी राहतं. मला ऐकू येतं."

मुरमानने तोंड उघडलं. ते नाव त्याने शेकडो टेबलांवर गिळलं होतं. रांजणाच्या काठाशी बसल्या बसल्या तो कसंबसं म्हणाला, "अमिरान."

"असं बसून नाही," आई म्हणाली. "मेलेल्यांसाठी उभं राहून म्हणतात."

आणि दोघी बायांच्या खांद्यांवर हात टाकून, सगळ्यांच्या आधी, ती उभी राहिली.