पर्णवटवट्या गेला कुठे

त्या दोघा भावांना सगळा परिसर थोरले आणि धाकटे म्हणूनच ओळखायचा. कालव्याकाठी दोघांची लाकडाची वखार होती. थोरल्यांनी उभं आयुष्य करवतीच्या यंत्राशेजारी काढलं, आणि ते यंत्र असं बोंबलायचं की गिऱ्हाईक भाव करायलासुद्धा त्यांना फाटकाबाहेर बोलवायचं. अशा माणसाला पक्ष्यांचं वेड लागावं ही गंमतच म्हणायची, पण लागलं खरं. दर हिवाळ्यात एका रविवारी हौशी मंडळी परिसर वाटून घेत आणि उजाडल्यापासून पक्षी मोजत. त्यात कालव्याचा पट्टा थोरल्यांचा. तिथं दुसऱ्या कुणी दुर्बीण घेऊन फिरकलेलं त्यांना खपत नसे.

त्यांचा सगळा जीव पर्णवटवट्यावर. अंगठ्याएवढा, पानाच्या रंगाचा, थंडीपुरता येणारा पाहुणा. तो दिसतो क्वचितच; पानांआडून त्याची बारीक चिक्-चिक् येते, ती ऐकून मोजायचा. वखारीमागच्या झुडपांत तो पुष्कळ असायचा. मग धाकट्यांनी माल ठेवायला शेड बांधायची म्हणून त्यातली बरीच झुडपं तोडली, आणि थोरल्यांना विचारलंही नाही.

पुढच्या हिवाळ्यात थोरल्यांच्या पट्ट्यात एकही पर्णवटवट्या निघाला नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही नाही. तसा तो आधीपासूनच घटत होता, पण तोडलेली झुडपं डोळ्यांसमोर होती आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. मोजणीनंतर मंडळी वाचनालयात जमत, तिथं थोरले भर सभेत उठून म्हणाले की या पक्ष्यांचा मारेकरी माझ्याच घरात आहे. धाकटे मागच्या रांगेत बसलेले. भावाला घरी न्यायला आले होते बिचारे. ते उठून एकटेच घरी निघून गेले.

वखारीची वाटणी झाली, थोरल्यांनी आपला हिस्सा सोडून दिला, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. पुढे धाकट्यांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा थोरल्यांना साधं बोलावणंही आलं नाही. जिला खांद्यावर बसवून त्यांनी अख्खा कालवा हिंडवला, तिचं लग्न! त्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून संध्याकाळपर्यंत घरात बसले. कुणी न्यायला येईल असं त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण कपडे काही बदलले नाहीत. ते त्यांच्या मनाला पक्ष्यांच्या जाण्याहून जास्त लागलं होतं.

बायको कुरकुरायची की तुम्हाला ऐकू कमी येतं, एकदा दाखवून या. थोरल्यांचं म्हणणं, हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, त्याला मी काय करू? शिवाय कावळा, घुबड, पारवा यांचा आवाज चारचौघांत सगळ्यांआधी त्यांनाच येई. अशा माणसाला बहिरा कोण म्हणणार? कुणी म्हटलं नाही.

यंदा मंडळींनी नियम केला की एका पट्ट्यात दोघं जायचं. थोरल्यांच्या जोडीला पोस्टात काम करणारी एक बाई आली. नवखी होती, तरी चुळबुळ न करता चालायची, म्हणून थोरल्यांनी तिला कसंबसं सहन केलं. पहिल्याच वळणावर ती म्हणाली की पर्णवटवट्या आहे. जरा पुढं अजून एक. कुंपणापाशी दोन. थोरल्यांचा पारा चढला. नवी माणसं हौसेपोटी आकडे फुगवतात हे त्यांनी पूर्वी पाहिलेलं. त्यांनी तिला चांगलंच सुनावलं की मला ऐकू आल्याशिवाय या पट्ट्यात काही लिहिलं जात नाही.

ती वरमली, पण हटली नाही. तिनं त्यांना झुडपासमोर उभं केलं आणि बोट दाखवलं. थोरल्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. फांदीवर तो होता. चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. आवाज मात्र नव्हता.

"आता बोलतोय का तो?" त्यांनी विचारलं.

"केव्हाचा," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "काका, तुम्हाला ऐकू येत नाहीये का?"

थोरल्यांनी दुर्बीण खाली घेतली. पक्षी कुठंच गेले नव्हते. गेले होते ते यांचे कान, आणि तेही सगळे नाहीत, नेमके बारीक आवाजाचे तेवढे. ते करवतीनं खाल्ले होते आणि आळ भावावर आला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बाईला पट्टा पुरा करायला सांगून ते तडक वखारीकडे निघाले.

रविवार असूनही धाकटे एकटेच फळ्या रचत होते. त्यांचे केस पांढरे झालेत हे थोरल्यांनी जवळून प्रथमच पाहिलं.

"पर्णवटवटे आहेत," थोरले म्हणाले. "मलाच ऐकू येत नाही. तुझी चूक नव्हती." माफी मागायचं ठरवून आले होते, पण तो शब्द काही फुटेना.

"आहेत तर. शेडमागे रोज सकाळी ऐकतो मी."

"मग सांगायचं होतंस."

"कुणाला? मारेकऱ्याचं कोण ऐकतं?"

 थोरल्यांच्या आत इतके दिवस साचलेलं बाहेर आलंच. "पोरीच्या लग्नाला तरी बोलवायचंस. इतका का परका झालो मी?"

धाकट्यांनी उचललेली फळी तशीच हातात धरली.

"आलो होतो की. वहिनी त्यांच्या बहिणीकडे होत्या. पोरीला घेऊन दारात उभा होतो, बेल दाबत. खिडकीतून तू दिसत होतास, दुर्बीण पुसत बसलेला. मान वर केली नाहीस." त्यांनी हातातली फळी खाली ठेवली. "पत्रिका दाराखालून सरकवत होतो, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, राहू द्या बाबा, काकांना आपण नकोयत."

थोरले तिथंच फळ्यांच्या ढिगावर बसले. त्यांनी विचारलं, "तिला सांगशील का, मला ऐकूच आलं नव्हतं म्हणून?"

"तूच सांग. फोन लाव तिला," धाकटे म्हणाले. "पण आधी कानाचं बघ, दादा. तिचा आवाज बारीक आहे."