कापसाच्या गंजीवर मुहूर्ताचा नारळ

आमच्या दिग्रसात त्या काळी मी कुणाला ‘दिग्दर्शक आहे’ म्हटलं, की समोरचा विचारायचा, “म्हंजे लग्नाची शूटिंगवाले नं?” मी हो म्हणायचो, कारण पोट त्याच्यावरच चालत होतं. निर्माता म्हणजे ज्याच्या घरून पोहे आणि बॅटरी येते तो. ही दोन्ही मानाची पदं माझ्याकडेच होती.

लग्नाची शूटिंग संपली तरी कॅसेटमध्ये थोडी पट्टी कोरी उरायची. तिच्यावर मी माझा लघुपट भरून द्यायचो. आमच्याकडची माणसं पैसा वसूल झाल्याशिवाय टीव्ही बंद करत नाहीत. बिदाई पाहून डोळे पुसता पुसता लोक माझा सिनेमाही पाहून टाकायचे. उमरखेडच्या एका नवरदेवाच्या बापाने मला बसस्टँडवर धरलं होतं, “आमच्या लग्नात ते बकरीवाली बाई कोनाकडून आलती?” माझ्या कलेची मिळालेली ती पहिली दाद. मी ती अजून जपून ठेवली आहे.

एवढं हसत सांगतोय खरं, पण मी जन्माचा भित्रा. मांडवात लाइटचा बल्ब जरा चरचरला तरी मी दोन पावलं मागे सरायचो. अशा माणसाने जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, शूटिंग करायला जायलाच नको होतं.

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. भाव बसला होता, बोंडअळीने शेतं खाल्ली होती आणि गावातल्या जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या. ज्या चालू होत्या त्यांच्याबद्दल लोक वाटेल ते बोलायचे. कुठे कापूस पेटला की आग विझायच्या आधी लोक विम्याचं नाव घ्यायचे. मालकानेच पेटवला असेल, फोरमनच्या हाताने पेटवला असेल, असं चहाच्या टपरीवर ठरून जायचं. मग पोलीसही आधी फोरमनला उचलायचे.

आणि माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा नवरा अशाच एका जिनिंगमध्ये फोरमन होता.

मला एक गोष्ट सुचली होती. जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचणारी एक बाई. तिला कापसात कुणाच्या तरी पायातून निसटलेलं जोडवं सापडतं आणि ती दिवसभर ते कुणाचं असेल याचा विचार करते. बस, एवढंच. पण त्याला कापसाची खरी गंज हवी, खऱ्या बाया हव्यात. मी भाऊजींना म्हटलं. मालक लग्नाला बाहेरगावी गेले होते. भाऊजी म्हणाले, “डब्ब्याच्या सुट्टीत येऊन जाय. मशिनी बंद असतात. कोनाले काय समजते?”

ताई मात्र चुलीपासून उठून बाहेर आली. म्हणाली, “पाय बरं बाबू, त्याईले गोत्यात नोको आनू. याच नोकरीवर घर आहे.”

मी तिला म्हटलं, काही होत नाही. तोंडाने म्हटलं.

जिनिंगच्या फाटकावर चौकीदार होता. त्याने आमच्या कॅमेरावाल्याचे खिसे तपासले, बिड्या आणि काडेपेटी काढून घेतली. पूजेच्या पिशवीतल्या उदबत्त्या आणि कापूरही काढून घेतला. “कापसाचं घर आहे भाऊ, इथं देवालेबी इस्तो भेटत नाही,” असं म्हणून त्याने पिशवी परत दिली. तिच्यात नारळ, हळद आणि कुंकू राहिलं. दोन्ही हॅलोजन लाइट त्याने उचलून पाहिले, वजनदार आहेत म्हणाला आणि आत जाऊ दिले. तव्यासारखे तापणारे ते लाइट म्हणजे विस्तवच आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आम्हा सगळ्यांच्या लेखी विस्तव म्हणजे काडी ओढल्यावर निघतो तो.

शेडमध्ये कापसाची गंज पार पत्र्याला टेकली होती. तिच्या पायथ्याशी बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. त्यांच्यात जवळच्या बंजारा तांड्यावरची एक वयस्क बाई होती. सगळ्या तिला याडी म्हणायच्या, गोरबोलीत याडी म्हणजे आई. तीच माझी नायिका. तिच्या चेहऱ्यावर तिरपा प्रकाश हवा म्हणून मी गंजीच्या उतारावर फळी टाकली, स्टँड गुडघ्याइतका ठेंगणा केला आणि तो कलंडू नये म्हणून पायावर दगड ठेवला. लाइटच्या पुढची जाड काच केव्हाचीच फुटलेली होती. आमच्या धंद्यात सगळ्यांच्याच फुटलेल्या असायच्या.

मुहूर्ताचा नारळ कुणी फोडायचा, हा प्रश्नच नव्हता. घरचा जावई हजर असताना दुसऱ्या कुणाच्या हातात नारळ देणार? आणि मुहूर्त म्हटला की लाइट पेटलेला हवा, कॅमेरा चालू हवा. भाऊजींनी डोक्याला रुमाल बांधला, नारळ कपाळाला लावला आणि समोर दिसला तो दगड पाहून, म्हणजे स्टँडच्या पायावरचा दगड पाहून, त्याच्यावर पूर्ण ताकदीने आपटला.

नारळ चांगला निघाला. पाणी भरपूर होतं. ते उसळून थेट तापलेल्या बल्बवर गेलं आणि बल्ब फट्टकन फुटला.

कुणी ओरडलं नाही. एक लाल रेघ उडाल्यासारखी मला दिसली, नंतर काहीच नाही. शेडमध्ये दुपारचा मळका उजेड आणि नारळाच्या पाण्याचा वास. बाया हसल्या. “मुहूर्तच जोरदार झाला,” कुणीतरी म्हणालं. मीही हसलो असेन. मग मी भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं.

“तार कुठं गेली?” ते म्हणाले.

बल्बच्या आतली तापलेली तार. काचेचे तुकडे फळीवर, कापसावर दिसत होते. तार कुठेच नव्हती.

कापसाची आग गवतासारखी नसते. ठिणगी आत शिरली की वर धूर येत नाही, ज्वाळ येत नाही. गंज आतल्या आत खात बसते, आणि कुणी ती फोडली की हवा लागून भडकते. हे मला तेव्हा कळलं, भाऊजींनी हळू आवाजात सांगितलं तेव्हा. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, माणसं गाड्यांखाली झोपली होती. आत मालकाची परवानगी नसताना आणलेला माझा लाइट. आग लागली तर ती नारळाच्या पाण्याने लागली, हे जगात कोण ऐकणार होतं? मला भाऊजींच्या मनगटाला बांधलेला दोर दिसायला लागला. त्यामागून ताईचा चेहरा.

भाऊजींनी मशिनी सुरू करू नका म्हणून सांगितलं आणि बायांना गंजीवर चढवलं. बाया ओळीने गुडघ्यांवर बसून कापसात हात घालू लागल्या. मीही चढलो. कमरेपर्यंत आत गेलो. हात घातला की वाटायचं, इथेच गरम आहे. दुसरीकडे घातला, तिथेही गरम. शेवटी याडी माझ्यावर खेकसली, “तू उतर बाप्पा खाली! भेलेल्या मानसाले समदंच गरम लागते.”

सापडलं तेही तिलाच. तिने नुसता हात वर केला. भाऊजी धावले. ओलं पोतं आणेपर्यंत त्यांना दम नव्हता. त्यांनी दोन्ही हात आत घातले, कवळभर कापूस उपसला आणि छातीपासून दूर धरून बाहेर हौदाकडे पळाले. दारात वारा लागला आणि त्यांच्या हातातला कापूस पेटला. मी ते पाहिलं. त्यांनी सोडला नाही, कारण दारापासून हौदापर्यंत सगळा कापूसच सांडलेला होता. हौदात हात गेले तेव्हा चर्रकन आवाज झाला.

पाण्यावर काळा कापूस तरंगत होता. त्यात तारेचा एक तुकडा होता. अर्धाच.

आता अर्धी कुठे, हे पाहायला गंज उपसावी तर कापूस वरून घसरून खाली येत होता. कोणता कापूस कुठला हे कुणालाच सांगता येईना. गंज हलवायला दुसरी जागा नव्हती. मालकाला सांगावं तर नोकरी तिथेच संपली असती. भाऊजींनी ठरवलं की मशिनी गंजीच्या दुसऱ्या टोकाच्या कापसावर सुरू करायच्या, हा उतार शेवटी घ्यायचा आणि तोवर लक्ष ठेवायचं. बायांनी आपसात पाहिलं आणि पदर सावरून खाली उतरल्या. त्यांच्यातल्या एकीनेही पुढे कधी तोंड उघडलं नाही.

घरी त्यांनी ताईला सांगितलं की बॉयलरचं पाणी सांडलं. जिनिंगमध्ये बॉयलर नव्हताच, पण ताईला ते कुठे माहीत. तिने हळद-तेल लावून कापडं बांधली आणि मला म्हणाली, “बरं झालं तू जवळ होता.” मला त्या वाक्यानंतर जेवण गेलं नाही.

पुढचे दिवस मी रोज जिनिंगवर जात होतो. लग्नाच्या दोन सुपाऱ्या सोडल्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या पाठी अर्धी तार लागली होती. चहाचा वास आला तरी मला जळाल्याचा वास यायचा. मी गंजीत हात घालायचो आणि दचकून काढायचो. माझ्या हाताचा आता मलाच भरवसा नव्हता. म्हणून मी भाऊजींची वाट पाहायचो. ते यायचे, उजव्या हाताचं कापड सोडायचे, उतारावर ठिकठिकाणी पंजा आत दाबून उभे राहायचे. मी श्वास धरून त्यांच्या तोंडाकडे बघायचो. मग ते म्हणायचे, “गार आहे. जाय, चहा पी.”

त्या ‘गार आहे’वर मी दिवस काढायचो. बायाही त्याच्यावरच काम करत होत्या. ते ‘गार आहे’ म्हणाले, की त्या उताराला पाठ टेकून भाकरी खायच्या. मालक परत आले, गंजीला वळसा घालून गेले, भाऊजींना हाताचं विचारलं आणि ऑफिसात जाऊन बसले. मी पोत्यांमागे उभा होतो.

गंज रोज थोडी थोडी खाली बसत गेली. मशीन एकीकडे रुई, दुसरीकडे सरकी काढत राहिली. शेवटी आमचा उतार आला. भाऊजींनी बायांना दूर उभं केलं, पाण्याचे ड्रम जवळ घेतले आणि कापूस स्वतः पायाने सारत गेले. एका जागी आत काळा, कोळसा झालेला गोळा निघाला, माणसाच्या डोक्याएवढा. तो कधीतरी खात खात गेला होता आणि आपोआप विझला होता. कशाने विझला, देव जाणे. त्याच्या शेजारीच बाया रोज टेकून बसत होत्या.

नंतर खालची फरशी दिसली. संपलं. बाया हात धुवायला गेल्या आणि भाऊजी एकदम खालीच बसले. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणलं, तर त्यांना पेला धरता येईना. मी त्यांच्या हातावरचं कापड सोडलं. तळहाताची, बोटांची कातडी जाड, पांढरट, मेलेली होती. मी पेल्यातलं पाणी त्यांच्या पंजावर सांडलं तरी त्यांना कळलं नाही. ते दुसरीकडेच पाहत होते.

“भाऊजी, हाताले समजून राह्यलं का काही?”

“नाही.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. हौदात घातले तवापासून.”

“मंग रोज गार आहे, गार आहे, हे कायले सांगत होते?”

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुह्या तोंडाकडं पाहून. कोनाले तरी म्हनाच लागत होतं नं बाबू.”

होऊन गेलेल्या सगळ्या दिवसांची भीती मला तेव्हा एकदम लागली. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या मांडीवर घेतले. मी हात धरलेत, हे त्यांना कळतही नव्हतं.