दोन नंबरच्या फलाटावरची गोळी

बसस्थानकावरचे सगळे तिला मावशी म्हणत. एकतीस वर्षं तिचा आवाज कर्ण्यातून ऐकून लोकांनी गाड्या पकडल्या होत्या. तिचा चेहरा कधी न पाहिलेलेसुद्धा तिच्या शब्दावर धावत सुटत. नवरा म्हणायचा, "हिचा आवाज चढला की घरातही मी पिशवी उचलतो."

गेल्या हिवाळ्यात तिचं बीपी एकशे ऐंशीवर गेलं आणि डॉक्टरीणबाईंनी तीन गोळ्या लिहून दिल्या. त्यांच्या नावांना जीभ वळेना. मग मावशीने खिडकीत तीन वाट्या मांडल्या आणि गोळ्यांना फलाट नेमून दिले. एक नंबरची रक्तवाहिन्या सैल करायची, पण घोटे सुजवायची. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. दोन नंबरची, रक्तवाहिन्या आवळायचा शरीराचा हुकूमच अडवून धरायची. तीन नंबरची जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढायची, म्हणून माईक सोडून दोनदा तरी पळावं लागायचं. हे सगळं तिने निमूट सोसलं. स्वभावात नव्हतं, तरी सोसलं.

मग खोकला लागला. कोरडा, मेला ऐन वेळी येणारा. "फलाट क्रमांक चा..." एवढं म्हटलं की ठसका, आणि चारचे प्रवासी पाचवर.

साहेबांनी बोलावून घेतलं. "मावशी, पहिल्या तारखेपासून तुम्ही हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसा. इथे रेकॉर्ड केलेला आवाज लावू. वय झालं, आराम करा."

"आराम मी मागितला होता?"

त्या खोलीत छत्र्या होत्या, डबे होते, एका पायाचे बूट होते. आता त्यांच्या रांगेत आपण. मावशीचं डोकं सणकलं, पण आत कुठेतरी ती घाबरलीही होती. माईक गेला तर तिला हाक मारणार तरी कोण?

घरी मध झाला, गुळण्या झाल्या, गळ्याला मफलर झाला. शेवटी मावशीनेच तपास लावला. पाणी काढते तीच घसा सुकवत असणार! कुणाला न सांगता तिने तीन नंबरची बंद केली. खोकला तस्सा राहिला; वर पाय टम्म फुगले आणि डोकं ठणकायला लागलं. सहाव्या दिवशी नवऱ्याने भरलेली वाटी पाहिली. "काय हो मावशी, तीन नंबरची गाडी सुटलीच नाही वाटतं?" म्हणत त्याने तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या. "आजी, मनाने गोळी बंद करायची नाही, कळलं?"

"मावशी म्हणा. आणि तुम्ही खोकल्याचं सांगितलं होतंत का? गोळ्या तीन लिहिल्यात, बोललात काहीच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. छाती तपासली. खोकला कधीपासून, विचारलं.

"एक, दोन, तीन नंबर सुरू झाल्यावर महिन्याभराने."

"नंबर?"

फलाटांचा हिशेब ऐकून बाईंना हसू आवरेना. "मग खोकला दोन नंबरचाच. त्या गोळीने काहींना होतो. तुम्ही भलतीच गाडी रद्द केलीत! दोन नंबर बदलून देते. नवीही बीपीच उतरवते, खोकला सहसा करत नाही. पण आधीचा जायला चार आठवडेही लागतील. तीन नंबर आजपासून परत सुरू. आणि मी आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं."

"तेवढं आमच्या साहेबांसाठी लिहून द्या. पहिली तारीख नऊ दिवसांवर आलीय."

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "पण तोवर असं खोकत खोकत..."

"खोकेन की! गोळी बदललीय साहेब. माणूस कशाला बदलता?"

"प्रवाशांचं काय?"

"त्यांनाच सांगते," म्हणत ती उठली. साहेब मागोमाग माईकच्या केबिनपर्यंत आले, पण ते तोंड उघडायच्या आत तिने बटण दाबलं होतं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. तुम्ही ऐकता तो खोकला माझ्या एका गोळीचा आहे. गोळी बदलली आहे. खोकला जाईल." ठसका आलाच. बटण न सोडता ती माईकवरच मनसोक्त खोकली. "मी जाणार नाही. फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटते आहे. चार. चढून घ्या."

चारचे सगळे चारवरच चढले.