नाळेशिवाय वाट नाही

"हा चुकला का कुठं?" गडावरच्या भटकंतीचा एखादा लेख कुणी दाखवला, की दादांचा पहिला प्रश्न हाच असायचा. लेखक कुठेच वाट चुकलेला नसला, तर लेख रद्दीत. "घरी बसून लिवलाय. चालणारा माणूस चुकतोच की!"

दादा म्हणजे सेलूच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. आमचा मुलूख तुम्ही पाहिलाच असेल. देवगाव फाट्यापासून वालूरपर्यंत नजर जाईल तिकडे सपाट काळं रान. गावात चढण्यासारखा काय तो वाचनालयाचा जिना. पण दादांना वेड गडांच्या लेखांचं. पुण्या-मुंबईचे अंक, किराणा दुकानातले शेंगदाण्याचे पुडे, कुठूनही ते लेख हुडकायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या बातमीच्या पाठच्या पानावर लेख आला, तर सगळे ती वाचून आणि तिच्यावर भांडून उठेपर्यंत कात्री घेऊन ताटकळायचे. इतक्या वर्षांत विश्वासाचे लेखक त्यांना चारच सापडले होते.

एकदा एक निवृत्त कारकून सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, कागद वाचून डोंगर चढता आला असता, तर आमी समदे हिमालयात असतो."

हे दादांना फार लागलं. "एक कात्रण घेऊन, कुणालाबी वाट न विचारता चढून येतो. न्हाई जमलं तर समदी कात्रणं चुलीत घालतो!"

मी तेव्हा शाळेत नवा मास्तर, नको तिथे उत्साही. त्यांच्यासोबत मीच निघालो.

निघण्याआधी त्यांनी आम्हा दोघांच्या बुटांना लोखंडी नाल मारून आणली. कारण लेखात छापलं होतं, 'नाळेशिवाय वर जायला वाट नाही.' दादांनी पेन्सिलीने 'ळ'चा 'ल' केला होता. "छापणाऱ्याची चूक हाय. नाळ बाळाची असती, डोंगराला कुठली?" मलाही ते पटलं.

मनमाडच्या पुढे एसटीतून उतरून चढायला लागलो. कातळावर ती नाल अशी घसरायची की मी दोनदा दणकन आपटलो. तासाभराने वाट संपली आणि समोर सरळ कडा उभा राहिला. दादा दगडावर बसले. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. घरी जाऊन हा माणूस खरंच सगळी कात्रणं जाळेल, याची मला खात्री होती.

त्यांनी कात्रण काढलं. बराच वेळ कधी कागदाकडे, कधी कड्याकडे बघत राहिले. कडा चिरून एक अरुंद, दगडांनी भरलेली घळ वरून थेट खाली आली होती.

"मास्तर, खोडरबर हाय का?"

"इथं कशाला?"

"अहो, ही बघा की डोंगराची नाळ! त्यानं बरोबर लिवलंय. चूक माझी हाय."

बूट काढून गळ्यात अडकवले आणि पन्नाशीचा तो माणूस अनवाणी असा चढला की मला धाप लागली.

माथ्यावर पाण्याचं टाकं लेखात होतं तिथेच होतं. पडका दरवाजा, मोडकं देऊळ, सगळं जागच्या जागी. दादा एकेका दगडाला हात लावत फिरले.

आज दादा नाहीत. मी नंतर पुष्कळ गड चढलो, पण तेवढा आनंद पुन्हा कुठल्याच माथ्यावर झाला नाही. त्या दिवशी कड्याच्या टोकाला उभे राहून, कधीही न पाहिलेल्या त्या लेखकाला दादा बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होते, "खरं लिवलंस रे बाबा! समदं खरं लिवलंस!"